दुसरं तोंड

व्हरांड्यात खाटा टाकल्या होत्या. आत जागा संपली की टाकतात, त्यात नवल काही नाही. इतकी वर्षं या इस्पितळात येते आहे, व्हरांड्यातल्या खाटा मी काही पहिल्यांदा पाहत नव्हते. पण मोठ्या सिस्टर स्वतः खुर्चीवरून उठून माझ्याकडे आल्या, हे मात्र पहिल्यांदाच घडलं. एरवी मीच त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहायची, "काही विशेष?" म्हणायची, आणि त्या मान वर न करता "नेहमीचंच" म्हणायच्या. आज त्यांनी माझा दंड धरला, जिन्याखालच्या कोपऱ्यात नेलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "हे लिहा हो मॅडम तुम्ही. सगळे कालव्यापलीकडचे आहेत, एकूण एक. उलट्या, जुलाब. पाण्यातच काहीतरी आहे. आम्ही वर कळवलंय, पण वरचे कागद वरच फिरतात. तुमच्या पेपरात आलं की लोक निदान उकळून तरी पितील." मग त्यांनी विचारलं, "उद्या येईल ना?" मी म्हणाले, "बघते."

बघते! काय बघणार होते मी, कपाळ? पेपर बंद होऊन वर्ष उलटून गेलं होतं. सिस्टरना ते ठाऊक नव्हतं, आणि त्यात त्यांचा दोष तरी काय. त्यांनी पेपर घेणं त्याच्याही आधी सोडलं होतं. पोलीस चौकीतल्या हवालदारालाही ठाऊक नव्हतं, अग्निशामक दलातल्या त्या गप्पिष्ट ड्रायव्हरलाही नव्हतं. पेपर बंद पडला ही बातमी छापायला पेपरच नव्हता, मग ती कळणार कशी? शेवटच्या दिवशी आम्हाला एका थंडगार खोलीत बसवून एका कोवळ्या मॅनेजरने, माझ्या भाच्यापेक्षाही लहान असेल, सांगितलं की तुमचा अनुभव ही आमची संपत्ती आहे. ही संपत्ती मग आम्ही आपापल्या पिशव्यांत भरून घरी नेली. कोणी मालिका लिहायला लागलं, कोणी बिल्डरच्या जाहिराती. मी साठीला टेकलेली बाई, मला कोण काय लिहायला देणार. मी दुसऱ्या दिवशी दुपारी चप्पल घातली आणि फेरीला निघाले.

फेरी म्हणजे आमच्या धंद्यातलं सगळ्यात हलकं काम. नव्या माणसाला देतात आणि वर्षभरात तो त्यातून सुटतो. मी सुटलेच नाही. दुपारी इस्पितळ, मग चौकी, मग अग्निशामक, शेवटी पालिकेचं पाणीखातं, आणि प्रत्येक ठिकाणी तोच एक प्रश्न: काही विशेष? त्यातून संध्याकाळी शहराच्या पानावर एक बारीक टायपातला रकाना भरायचा. अमक्या भागात पाणी उशिरा येईल. तमक्या चौकात रोहित्र जळालं. अनोळखी इसम, उंची मध्यम, अंगात निळा शर्ट. नाव नाही, गाव नाही, माझी सही तर नाहीच नाही. मोठे वार्ताहर मंत्र्यांच्या मागे धावायचे आणि मला चेष्टेने 'फेरीवाली' म्हणायचे, भाजी काय भाव दिली म्हणून विचारायचे. मीही म्हणायची, तुमची भाजी शिळी असते, माझी ताजी. पण पेपर बंद झाल्यावर त्या मोठ्यांना कुणी विचारीनासं झालं, आणि मला मात्र सिस्टर, हवालदार, ड्रायव्हर सगळे रोज काही ना काही सांगत राहिले. मी ऐकायची, मान हलवायची आणि घरी यायची. ते सगळं माझ्यातच साठायचं. कुठल्या रस्त्यावरचं झाकण उघडं आहे, कुठल्या शाळेच्या भिंतीला तडा गेला आहे. कधी कधी जेवताना घास अडकायचा. इतकं सगळं एका माणसाला ठाऊक असून उपयोग काय? खरं तर पहिल्याच आठवड्यात सांगून मोकळी व्हायला हवी होते की बाबांनो, आता मी कुणीही नाही. नाही सांगितलं. लाज वाटली म्हणा, किंवा "काही विशेष?" विचारायला कुणीच उरणार नाही याची भीती वाटली म्हणा.

इस्पितळातून निघाले ती चौकी, अग्निशामक सगळं टाकून सरळ पाणीखात्याच्या रस्त्याला लागले. ऊन होतं, पण मला घाम आला तो उन्हाचा नव्हता. कालव्यापलीकडे ताई राहते. माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी परकरात होते. तेव्हापासून वेणीपासून लग्नापर्यंत सगळं ताईने पाहिलं, आणि लग्न मोडलं तेव्हा मला न विचारता माझी ट्रंक उचलून आपल्या घरी आणली तीही तिनेच. पुढे मी वेगळी खोली केली तेव्हा चार महिने बोलली नाही. पेपर ती शेवटच्या पानावरून वाचायला घ्यायची आणि शहराच्या पानाशी आली की चष्मा पुसायची. सही नसली तरी माझं काय आहे ते तिला कळायचं. सकाळी फोन यायचा, "तुझं पाण्याचं वाचलं गं चिमे, घागरी भरून ठेवल्या." बस, एवढंच. पण मला ते पुरायचं. सगळं शहर वाचतं की नाही देव जाणे, एक बाई वाचते आणि घागरी भरते, हे पक्कं होतं.

वाटेत आमची छपाईची इमारत लागते. तिथे आता न्हाणीघराच्या सामानाचं दुकान आहे. जिथे यंत्र धडधडायचं तिथे भिंतीभर चकचकीत नळ लावलेत, एकालाही पाणी नाही. मी तिकडे न बघता जाते, पण आज पाय थबकले, कारण डोक्यात मास्तर बोलायला लागले होते. मास्तर म्हणजे शहराच्या पानाचे प्रमुख. आधी शाळेत शिकवायचे म्हणून हे नाव. बातमी घेऊन गेलं की चष्म्यावरून बघायचे. "कोण म्हणालं?" सिस्टर म्हणाल्या. "अजून कोण?" अजून कुणी नाही. "मग ही कुजबुज आहे. दुसरं तोंड आण, मग बोल." आणि दुसरं तोंड कुठलं चालेल याचेही नियम. पहिल्याच्या हाताखालचं चालणार नाही. ज्याचा फायदा आहे ते चालणार नाही. घरचं तर नाहीच नाही. घरचा माणूस आपल्याला हवं तेच बोलतो. वर्षानुवर्षं हे माझ्या अंगात इतकं मुरलं होतं की शेजारीण "पाऊस येणार" म्हणाली तरी मी खिडकीतून बघून यायची. आणि यात गैर काय होतं? मागच्या उन्हाळ्यातच कुणीतरी फोनवरून फिरवलं की टाकीत विष पडलं, लोक मुलंबाळं घेऊन धावले, जिन्यात चेंगराचेंगरी झाली, एक म्हातारा कायमचा अंथरुणाला खिळला. टाकीत काहीही नव्हतं. ताई तेव्हा इतकी चिडली की फोनवर येणारं वाचणंच तिने सोडून दिलं. मला म्हणाली, "त्या फोनवरचं मी आता काही ऐकणार नाही. तू सांगितलंस तर ऐकेन."

पाणीखात्यात साहेब नव्हते. मीटिंगला गेलेत, उद्या या, असं बाहेरच्या कारकुनाने सांगितलं. मी त्याला सहज विचारावं तसं विचारलं, कालव्याकडची काही तक्रार? तो माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, तक्रारी कुठून नाहीत ते विचारा. हे तोंड धरायचं की नाही? नाही, हे काही धरता येत नाही. हा 'हो'ही म्हणाला नाही आणि 'नाही'ही. बाकावर बराच वेळ बसून राहिले. पंखा फिरत होता, वारा लागत नव्हता. बसल्या बसल्या मनात बातमी लिहून झाली, माझ्याही नकळत. कालव्यापलीकडील नागरिकांनी पाणी उकळून प्यावे. मथळा एका ओळीत बसत होता. किती सुबक बसत होता, आणि किती आनंद झाला मला त्या सुबकपणाचा! शरम वाटायला हवी होती. माझी बहीण तेच पाणी पीत होती आणि मी मथळ्याची अक्षरं मोजत होते.

संध्याकाळी ताईचाच फोन आला. ती नेहमी आधी दम लागल्यासारखी बोलते आणि मग सावकाश होते. भाचा-सूनबाई पोराला घेऊन सूनबाईच्या माहेरी गेलेत, घर खायला उठतंय, साखर तपासली, थोडी वाढलीच आहे, गुडघा तसाच. मी हं हं करत होते. रिसीव्हर हातात असल्यासारखा फोन दोन्ही हातांनी धरला होता. सांगू? "ताई, पाणी उकळून पी." चार शब्द. काय बिघडलं असतं? खोटं ठरलं असतं तर चार दिवस उकळलेलं पाणी पिऊन कुणी मेलं नसतं. हे आता कळतंय. तेव्हा घशात मास्तर बसले होते. मला वाटत होतं, मी म्हटलं की ही लगेच उठेल, शेजारच्या दोन्ही घरांत सांगेल, "माझ्या बहिणीने सांगितलंय, ती पेपरात होती," आणि ते पुढच्या चार घरांत जाईल, आणि सकाळी पुन्हा जिन्यात चेंगराचेंगरी. तिच्या शब्दाला माझ्या शब्दाचा टेकू होता. तो कच्चा कसा द्यायचा? उद्या दुपारपर्यंतचीच तर गोष्ट. आणि मग ताई म्हणाली, आवाजात काळजी होती पण फार नव्हती, की शेजारच्या घरातलं लहान पोर काल रात्रीपासून उलट्या करतंय, त्याची आईही झोपून आहे, हवाच बदलली आहे मेली. मी विचारलं, डॉक्टर काय म्हणाले? म्हणाली, अजून दाखवलं नाही. मी म्हटलं, दाखवा म्हणावं. आणि काय सांगू, त्या क्षणी माझ्या मनात काय आलं? हे ऐकीव आहे, हे आलं. डॉक्टर नाहीत, नाव नाही, आणि सांगणारी घरची. ताईचं तोंड मी धरलंच नाही. दुसरं तोंड माझ्या कानाला लागून बोलत होतं, माझ्या हातांनी मला वाढवलेल्या बाईचं तोंड, आणि मी त्याला नियमात बसत नाही म्हणून बाजूला ठेवलं. "नीट राहा गं," म्हणाले आणि फोन ठेवला.

माझ्या हातांनी काय लिहिलं मी वर? तिच्या हातांनी. तिच्या हातांनी मी वाढले. डोकं ठिकाणावर नाही माझं, पण राहू दे तसंच. आता खोडायला मास्तर नाहीत.

दुसऱ्या दिवशी साहेब भेटले. मला ते ओळखतात, आदराने बोलतात, चहा मागवतात. रोज बाहेरच्या कारकुनाला विचारते ते 'काही विशेष?' मी विचारलंच नाही. सरळ म्हटलं, कालव्यापलीकडे पाण्यात काय आहे? त्यांनी दार लोटून घेतलं. म्हणाले, गटाराची लाइन फुटली आहे आणि शेजारून पिण्याची जाते, दोन्ही आमच्या आजोबांच्या वेळच्या. शोधतोय, सापडली की बंद करू. मग कपाळ चोळत म्हणाले, "तुम्ही इतक्यात लिहू नका मॅडम, लोक घाबरतील." मी विचारलं, कधीपासून ठाऊक आहे? ते म्हणाले, आठवडा होत आला असेल. "आणि कुणी विचारलं नाही?" "कोण विचारणार?" साहेब म्हणाले, आणि त्यांच्या बोलण्यात उर्मटपणा अजिबात नव्हता. थकलेला माणूस होता. "पूर्वी तुमच्यासारखे चारजण बाहेर बसलेले असायचे. सकाळी छापून आलं की वरून मला फोन यायचा, मग माणसं मिळायची, खोदाईची परवानगी मिळायची. आता मी कितीही कागद पाठवले तरी कुणाला घाई नाही." त्यांना माझ्याकडून छापून हवं होतं आणि नकोही होतं. मला एकदम वाटलं, त्यांच्या टेबलावर डोकं ठेवावं आणि सांगावं, अहो, मी कुणी नाही, आमच्या इथे नळांचं दुकान झालंय. पण चहा आला, आणि मी तो तसाच ठेवून जिना उतरले.

जिन्यातच ताईला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. नातेवाइकांच्या ग्रुपवर एका दमात लिहिलं: कालव्यापलीकडचं पाणी खराब आहे, पाणीखात्याने स्वतः सांगितलं आहे, उकळून प्या, ताईकडे कुणी जवळ असेल तर ताबडतोब जा. एका चुलतभावाने जोडलेले हात पाठवले. मावसबहिणीने लिहिलं, अगं हे मागच्या उन्हाळ्यातलंच फिरतंय, खोटं आहे ते, पुढे पाठवू नकोस. त्याखाली तिघांनी अंगठे दाखवले. मी रिक्षेत बसून ते अंगठे बघत होते. आयुष्यभर शहरभर सांगत आले आणि घरच्या माणसांना ते पटवता येईना. पेपरात नुसता बारीक टायपात रकाना असायचा, पण तो वाचून हीच मावसबहीण घागरी भरायची. ते बळ माझं नव्हतं तर. त्या कागदाचं होतं.

ताईचं दार लोटलेलं होतं. न्हाणीघराच्या उंबऱ्याशी ती भिंतीला टेकून बसली होती, लुगडं ओलं, डोळे आत गेलेले, ओठांवर साय धरल्यासारखा पांढरा थर. पाण्याचा तांब्या तिच्या हाताशीच होता. तहान लागली म्हणून ती तेच पाणी पीत होती. मला बघून म्हणाली, "आलीस? चहा टाकते." मी तिच्या बगलेत हात घातला. इतकी हलकी कशी झाली ही? शेजारी कुणी नव्हतं. ते सगळेच इस्पितळात होते. रिक्षावाल्याने आणि मी तिला उचललं. वाटेत तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं आणि ती मधूनमधून माझं लहानपणचं नाव घेत होती, काही सांगायचं असल्यासारखं, पण पुढे काही सांगत नव्हती. मी मात्र बोलत होते. आता बोलत होते! उकळून प्यायचं हं ताई, थेंबभरसुद्धा तसं पिऊ नकोस, आजपासून उकळूनच. वेड्यासारखी तेच तेच म्हणत होते.

व्हरांड्यात एकच खाट रिकामी होती, ती मिळाली. डॉक्टरांनी शीर शोधली, ती सापडेना, मग दुसऱ्या हाताची सापडली. साखर आहे का, किती वर्षं आहे, लघवी झाली का, असं भराभर विचारत होते आणि माझ्या उत्तरांनी त्यांचा चेहरा उतरत चालला होता. मी ताईच्या मोकळ्या हातावर हात ठेवून स्टुलावर बसले. तिला जरा हुशारी आली. व्हरांड्याचं छत, खाटांची रांग, पलीकडच्या खाटेवरचं शेजारचं पोर, सगळं तिने बघून घेतलं.

तेवढ्यात मोठ्या सिस्टर रांगेतून येताना दिसल्या. दोन दिवस घरी गेल्या नसाव्यात. केस सुटलेले होते. रागाने बोलत होत्या, प्रत्येक खाटेपाशी थांबून, औषध देतादेता. शिकलीसवरली माणसं तुम्ही, पेपर वाचत नाही का? पेपरात आलंय ना, पाणी उकळून प्या म्हणून? नुसते फोन घेऊन बसता. लोक ऐकून घेत होते, अपराधी चेहऱ्याने. कुणीही म्हणालं नाही की आलेलं नाही. कारण आलं नाही हे कुणाला ठाऊक होतं? सगळ्यांना वाटत होतं, आलं असेल, आपण वाचलं नसेल. मी उठून पळून जाणार होते, पण हात ताईच्या हातावर होता. सिस्टर आमच्या खाटेशी आल्या, त्यांनी मला ओळखलं आणि त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला.

"अहो मॅडम, तुमच्या घरचं माणूस?"

"बहीण," मी म्हणाले.

"आणि यांनीसुद्धा वाचलं नाही? काल दुपारी मी तुम्हाला सांगितलं, सगळं पाण्याचं, कालव्यापलीकडचं. आज सकाळी छापून आलं असेल ना?"

ताईने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. पेपर बंद झालाय हे त्या व्हरांड्यात माझ्याशिवाय ठाऊक असलेली ती एकटीच होती. काल दुपार हे शब्द तिच्यापर्यंत पोचले होते, मला दिसलं ते. त्याच संध्याकाळी आपण किती वेळ फोनवर बोललो, हे ती आठवत होती. गुडघा, साखर, शेजारचं पोर. मी तिच्या डोळ्यांकडे बघत राहिले, कारण दुसरीकडे बघण्याची माझी लायकी नव्हती. राग नव्हता त्यांत. राग असता तर बरं झालं असतं. लहानपणी मी काही फोडलं, सांडलं की आई गेल्यावर आमच्याकडे राहायला आलेल्या आत्याच्या पुढे उभं राहण्याआधी ती असंच एकदा माझ्याकडे बघून घ्यायची.

"आलं होतं सिस्टर," ताई म्हणाली. आवाज फाटका होता पण शब्द न् शब्द स्पष्ट. "हिने लिहिलं होतं. मीच वाचलं नाही."

सिस्टर 'बघा' म्हणाल्या, सलाइन जरा हळू केलं आणि पुढच्या खाटेकडे गेल्या. ताईने डोळे मिटले. मी तिच्या कानाशी वाकून म्हणाले, "ताई, मी खात्री करत होते गं." तिने ऐकलं की नाही, मला सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, भाचा पोचायच्या आत, ती गेली. ते कुठेच छापून आलं नाही.